उशिराचे कारण फक्त तिनेच का द्यायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयातून सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेली अधिपरिचारिका आहे. एकतीस वर्षे नोकरी केली, त्यातली निम्म्याहून जास्त रात्रपाळीत. या नोकरीने लावलेली एक सवय अजून सुटलेली नाही. काहीही घडले की आधी घड्याळ बघायचे आणि वेळ लिहायची. पेशंट आला, वेळ. सलाईन लावले, वेळ. डॉक्टरांना फोन केला ती वेळ, डॉक्टर आले ती वेळ. नवीन मुली ड्युटीवर रुजू झाल्या की मी त्यांना सगळ्यात आधी हेच शिकवायचे, कारण उद्या कोणी विचारायला आले तर आपल्या बाजूने फक्त रजिस्टर बोलते.

गेल्या महिन्यात मी एका चौदा वर्षांच्या मुलीबरोबर आणि तिच्या आईबरोबर पोलीस ठाण्यात गेले होते. त्या दिवसाच्या वेळाही मी पिशवीतल्या छोट्या डायरीत लिहिल्या. दीड पान भरले. हे पत्र त्या दीड पानाबद्दल आहे. ठाण्याचे नाव, गावाचे नाव, मुलीच्या घरचे काहीही मी लिहिणार नाही आणि माझेही नाव छापू नये ही विनंती. तालुक्याच्या ठिकाणी माझ्या नावावरून ती मुलगी कोण हे शोधायला कोणाला अर्धा दिवससुद्धा लागणार नाही. तिची ओळख जपावी असा कायदा आहे. तो नसता तरी मी हेच केले असते.

आई रोवणीला, कापणीला जाणारी बाई. सकाळी सातला माझ्या दारात येऊन उभी राहिली. चहा दिला तर घेईना. चौदा वर्षांपूर्वी हीच मुलगी जन्मली तेव्हा मी लेबर रूममध्ये होते, म्हणून तिला माझे घर आठवले. आपल्यावर अत्याचार झाल्याचे आदल्या संध्याकाळी मुलीने तिला सांगितले होते. गावातल्या चार मोठ्या माणसांच्या कानावर ते रात्रीच गेले आणि त्यांनी रात्रीच निरोप धाडला, पोरीचं लग्न व्हायचं आहे, ठाण्यात गेलात तर गावभर होईल, बसून मिटवून टाकू. करणारा माणूस ओळखीतलाच होता. माझ्या नोकरीत आलेल्या अशा मुलींपैकी बहुतेकींच्या बाबतीत तो ओळखीतलाच असायचा.

ती मला म्हणाली, "सिस्टर, मी मिटवाले तयार नाई. पण मले ठाण्यात बोलता येत नाई जी. तुमी सोबत याल का?"

आम्ही ठाण्याच्या दारातून आत गेलो तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. ही माझ्या डायरीतली पहिली नोंद.

टेबलामागे ठाणे अंमलदार बसले होते. समोर चार-पाच माणसे उभी. एकाचा मोबाईल हरवलेला, एकाचे बांधावरचे भांडण. अंमलदारांनी आमच्याकडे न बघताच विचारले, काय झालं? मी म्हटले, लहान मुलीचा विषय आहे, आत बसून बोलता येईल का? ते म्हणाले, इथंच सांगा, थोडक्यात. मी टेबलाजवळ वाकून थोडक्यात सांगितले. तरी शेजारच्या दोघांनी मान वळवून मुलीकडे पाहिलेच. मुलगी शाळेच्या ड्रेसवर आली होती, कारण घरातला दुसरा धड ड्रेस आईने पुरावा म्हणून पिशवीत बांधून आणला होता. साहेब बंदोबस्ताला, मॅडम कोर्टात, बसा, असे आम्हाला सांगण्यात आले.

आम्ही बाकावर बसलो. बारा चाळीसला एक जमादार आले. सज्जन दिसले, आवाजही चढा नव्हता. पण त्यांनी विचारलेले प्रश्न मी उतरवून घेतले आहेत. तारीख नक्की सांग. आधी का नाही सांगितलंस? त्याच्याशी आधीपासून बोलणं होतं का? ओरडली का नाहीस? मुलगी फरशीकडे बघत राहिली. चौथ्या प्रश्नाला तिने आईचा पदर धरला आणि नंतर सोडलाच नाही.

सव्वादोनला ठाणेदार आले. मी कायद्याच्या कलमांची झेरॉक्स सोबत नेली होती. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा, म्हणजे पॉक्सो, कायदा २०१२ चा आहे. त्याच्या कलम २४ नुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि तेव्हा अंगावर वर्दी नको. मुलाला रात्री ठाण्यात थांबवून ठेवायचे नाही. मी कागद पुढे केला. ठाणेदार शांतपणे म्हणाले, "ताई, कायदा आम्हाला माहीत आहे. पण आधी खरं-खोटं बघू, मग गुन्हा. उद्या खोटी निघाली तर एका माणसाचं आयुष्य बरबाद."

खरे-खोटे बघण्याचे काम गुन्हा नोंदवल्यानंतर सुरू होते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सांगितले. अशी माहिती स्टेशन डायरीत लिहिली गेलीच पाहिजे, हेही त्याच निकालात आहे. हे मी बोलले. साडेतीनला दुसरे एक जण येऊन म्हणाले की जागा बहुतेक शेजारच्या ठाण्याच्या हद्दीत येते. मी म्हटले, मग झिरोने, म्हणजे हद्द न बघता, नोंदवा आणि त्या ठाण्याकडे वर्ग करा, आता तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच लिहिले आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती घ्यायची. ते आत गेले. चार वाजून पाच मिनिटांनी मी टपरीवरून चहा आणि बिस्किटाचा पुडा आणला. मुलीने सकाळपासून काही खाल्ले नव्हते. तिने एक बिस्कीट हातात धरले आणि ते मऊ होऊन तुटेपर्यंत तसेच धरून ठेवले.

साडेपाचला महिला उपनिरीक्षक कोर्टातून परत आल्या. वय तिशीच्या आत असेल. त्यांनी आमच्याकडे एकदा बघितले, काय ते ऐकून घेतले, मागच्या खोलीत गेल्या आणि दहा मिनिटांत वर्दी बदलून साध्या कुर्त्यावर बाहेर आल्या. मुलीसमोर खुर्ची ओढून पहिला प्रश्न विचारला, "जेवलीस का?" मुलीने मान हलवली, नाही. तिच्यासाठी खिचडी मागवली. तिने अर्धी खाल्ली आणि मग आपणहून बोलायला लागली. सकाळपासून तिच्या तोंडून निघालेले हे पहिले पूर्ण वाक्य होते. या बाईंना नाव घेऊन नमस्कार करता आला असता तर मी केला असता. त्या ठाण्यात महिला अधिकारी त्या एकट्याच. त्या कोर्टात गेल्या की ठाण्यात कोणी नाही, बंदोबस्ताला गेल्या की कोणी नाही. त्या दिवशी त्या रात्री बारापर्यंत काम करत होत्या.

नऊ वाजून दहा मिनिटांनी गुन्हा दाखल झाला. नऊ पस्तीसला फिर्यादीची प्रत आईच्या हातात मिळाली, ती मोफत द्यावीच लागते. आईला वाचता येत नाही, म्हणून मी दिव्याखाली उभी राहून वाचून दाखवली. वाचता वाचता मी थांबले.

संपादक महोदय, एफआयआरचा जो छापील नमुना असतो त्यात एक रकाना आहे, ठाण्यावर माहिती मिळाल्याचा दिनांक आणि वेळ. त्याखाली स्टेशन डायरीतल्या नोंदीचा क्रमांक आणि वेळ. आमच्या प्रतीवर त्या जागी लिहिले होते २०.४०. म्हणजे कागदावर आम्ही रात्री आठ चाळीसला ठाण्यात गेलो आणि अर्ध्या तासात गुन्हा दाखल झाला. अकरा वीसपासूनचे नऊ तास कुठेच नाहीत. बाकावर कोणी बसलेच नव्हते. जमादारांनी काही विचारलेच नव्हते.

त्याच नमुन्यात आणखी एक रकाना आहे, आठव्या क्रमांकाचा. फिर्यादीने तक्रार देण्यास केलेल्या विलंबाची कारणे. तो मात्र भरलेला होता. घटना घडून तिसरा दिवस, म्हणून तिथे लिहिले होते, "बदनामीच्या भीतीने". चौदा वर्षांच्या मुलीने दोन दिवस का लावले याचे उत्तर सरकारने छापील रकान्यात मागितले आणि घेतले. ठाण्याने नऊ तास का लावले, हे विचारणारा रकाना त्या नमुन्यात नाही.

हा फरक किरकोळ आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी एकदा कोर्टात बसून बघावे. मी साक्षीदार म्हणून चार वेळा उभी राहिले आहे. आरोपीच्या वकिलांचा उलटतपासातला पहिला जोर तिथेच असतो. इतके दिवस गप्प का? कोणी शिकवून आणले का? घराण्याच्या अब्रूपायी अशा तक्रारींना उशीर होतो, तेवढ्यावरून मुलीवर अविश्वास दाखवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने गुरमीत सिंग प्रकरणात १९९६ मध्येच सांगितले आहे. तरी प्रश्न विचारले जातात आणि मुली कोलमडतात. पोलिसांनी घालवलेले तास कागदावर नसले की तेही तिच्याच खात्यावर चढतात.

आणि हे तास नुसते घड्याळातले नसतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात. जितका उशीर, तितके मिळण्यासारखे कमी. आमच्या मुलीचा तिसरा दिवस चालू होता. त्यातले जवळजवळ दहा तास बाकावर गेले. दवाखान्यात तिची तपासणी सुरू झाली तेव्हा दहा पन्नास झाले होते आणि ती स्ट्रेचरवर बसल्या बसल्या झोपली होती.

इथे मला माझी स्वतःची चूक लिहायची आहे. मी तिला सकाळी आठलाच थेट दवाखान्यात न्यायला हवे होते. पॉक्सोच्या कलम २७ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा नोंदवला गेलेला नसला तरी वैद्यकीय तपासणी करता येते. उपचारासाठी पोलिसांचे पत्र मागता येत नाही. सरकारी असो की खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा मुलीवर ताबडतोब आणि मोफत उपचार करायचे आणि पोलिसांना कळवायचे. ही कलमे मला पाठ होती. तरी माझे पाय ठाण्याकडे वळले, कारण एकतीस वर्षे आम्ही रात्री-बेरात्री आलेल्या आयांना दारातच विचारत आलो होतो, "पोलिसांचं पत्र आणलं का?" किती जणींना मी स्वतः ठाण्याकडे परत पाठवले असेल, ते आता मोजता येत नाही. काही परत आल्या. काही आल्या नाहीत. कुठल्याच रजिस्टरमध्ये त्यांची वेळ नाही, कारण ती मी लिहिली नाही.

याहून जड असे दुसरे आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे, तपासणीच्या कागदावर मुलगी "सवयीची" आहे का हे लिहिले जायचे आणि ते ठरवायला डॉक्टर दोन बोटांची चाचणी करायचे. मी दिवा धरून उभी असायचे. मुलीचा हात हातात घ्यायचे, "झालं बाळा, झालं" म्हणायचे आणि डॉक्टर सांगतील ते लिहून घ्यायचे. ते चूक आहे हे मला तेव्हा कळत नव्हते असे नाही. त्या मुलींचे अंग आक्रसायचे ते माझ्या हाताला कळत होते. मी बोलले नाही. पुढे आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्यांच्या दर्जावर सविस्तर अहवाल लिहिला आणि डॉ. रंजना पारधी यांनी २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. ते वाचले तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की आपल्यासारख्याच दवाखान्यात काम करणाऱ्या कोणीतरी तोंड उघडले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही चाचणी मुलीच्या प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली आणि ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात सांगितले की जो कोणी ती करील तो गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. गेल्या महिन्यात त्या रात्री ड्युटीवरच्या तरुण डॉक्टर बाईंनी मुलीला प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगितली, ती हो म्हणाली की मगच पुढे गेल्या, मध्येच ती नको म्हणाली तर थांबल्या. मी कोपऱ्यात उभी होते. मला रडू आले, ते त्या मुलीपेक्षा जुन्या मुलींसाठी जास्त होते.

आमच्या भागातल्या लोकांना हे सगळे नवीन वाटू नये. वैनगंगेच्या पुलापलीकडे देसाईगंज आहे, आम्ही वडसा म्हणतो. आता ते गडचिरोली जिल्ह्यात येते, १९७२ साली चंद्रपुरात होते. २६ मार्च १९७२ च्या रात्री त्या ठाण्यात मथुरा नावाची आदिवासी मजूर मुलगी भावाच्या तक्रारीवरून जबाबासाठी आली होती. वय चौदा ते सोळा. बाकीच्यांना बाहेर घालवून तिला आत थांबवले गेले आणि दोन पोलिसांवर तिच्यावर अत्याचार केल्याचा आरोप झाला. ठाण्याबाहेर जमाव जमला, लोक चिडले, तेव्हा घरून हवालदाराला बोलावून आणले गेले आणि तिची फिर्याद लिहिली गेली. डॉक्टरी तपासणी व्हायला दुसऱ्या दिवसाची रात्र उजाडली. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचे पटत नाही, असे कारण दिले गेले. "ओरडली का नाहीस?" हा जमादारांचा प्रश्न ऐकला तेव्हा मला देसाईगंजच आठवले.

त्या निकालावर १९७९ मध्ये चार जणांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. निमूट सोसणे म्हणजे संमती नव्हे, हा त्या पत्राचा गाभा. त्यातून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात बाईने संमती नव्हती म्हटले तर न्यायालयाने तसे गृहीत धरायचे, तिची ओळख छापायची नाही, सुनावणी बंद दाराआड करायची, हे सगळे तेव्हा आले. चार माणसांच्या पत्राने एवढे झाले, म्हणून मीही पत्र लिहायला बसले आहे. मी प्राध्यापक नाही. माझ्याजवळ दीड पान वेळा आहेत.

देसाईगंजनंतर बावन्न वर्षांनी बदलापूर झाले. ऑगस्ट २०२४. बालवाडीतल्या दोन मुली, शाळेतच अत्याचार. सोळा तारखेला पालक तक्रार घेऊन गेले आणि गुन्हा दाखल व्हायला अकरा-बारा तास लागले, हे तुमच्यासकट सर्व वृत्तपत्रांनी छापले. वीस तारखेला हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले, गाड्या दिवसभर अडल्या, आणि मग पोलीस निलंबित झाले, विशेष तपास पथक आले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, दुसऱ्या मुलीच्या जबाबाला उशीर का, शाळेने लगेच का कळवले नाही, असे विचारले. जनक्षोभ उसळल्याशिवाय यंत्रणा हलत नाही का, अशीही खंत न्यायालयाने बोलून दाखवली. पुढे २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. काही ठिकाणी पेढे वाटले गेले, माझ्या ओळखीच्या बायकाही खूश होत्या. मला ते पटले नाही. त्या बायकांचा राग मला समजतो, माझ्याही पोटात तोच राग आहे. पण त्या गोळीने ठाण्यातल्या बारा तासांचा हिशेब झाला नाही. उलट लोकांना वाटले, न्याय झाला, आणि तो विषय मिटला.

ज्या मुलीसाठी जमाव जमत नाही तिचे काय? आमच्याबरोबर त्या दिवशी फक्त एक अडाणी आई आणि एक म्हातारी नर्स होती.

कायदे कमी नाहीत. अशा गुन्ह्याची माहिती नोंदवायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला जुन्या दंड संहितेत २०१३ पासून शिक्षा होती, आता न्याय संहितेच्या कलम १९९ मध्ये तीच आहे, सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी. पॉक्सोच्या कलम २१ मध्येही, माहिती नोंदवली नाही तर शिक्षा आहे. पण नकार सिद्ध कसा करायचा? कोणीही तोंडाने नाही म्हणत नाही. "बसा" म्हणतात. "साहेब येऊ द्या" म्हणतात. दिवस जातो, बाई उठून घरी जाते आणि ती आली होती याची कुठेही खूण राहत नाही. आली तीच नाही, तर नकार कोणाला दिला?

म्हणून माझे मागणे एकच आहे. ती दारातून आत आली ती वेळ लिहा. दवाखान्यात साध्या तापाच्या पेशंटची लिहितो, तशी. आल्याबरोबर तिच्या हातात वेळ आणि नोंद क्रमांक लिहिलेली पावती द्या, नाव नको, विषय नको. एफआयआरच्या नमुन्यात विलंबाच्या रकान्याखाली अजून एक ओळ वाढवा, ठाण्यात आल्यापासून गुन्हा दाखल होईपर्यंत लागलेला वेळ आणि त्याचे कारण. ते कारण ठाण्याने भरावे, सहीनिशी. आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांनी दर महिन्याला प्रत्येक ठाण्याचा हा फरक तपासावा.

खोटी वेळ लिहिली तर काय, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर ठाण्याच्या भिंतीवर आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात, येण्या-जाण्याच्या दारांसकट, कॅमेरे बसवावेत आणि चित्रण जपून ठेवावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला आहे. आम्ही बसलो होतो त्या बाकाच्या बरोबर वर कॅमेरा होता. त्याखाली लाल दिवा लुकलुकत होता. मुलगी मध्ये मध्ये त्याच्याकडेच बघत होती. म्हणजे अकरा वीसला कोण आले हे त्या ठाण्याच्या यंत्राला माहीत आहे. फक्त कोणी ते कागदाशी ताडून बघत नाही.

पोलीस मनुष्यबळाचे सांगतील, आणि ते खरे आहे. एक महिला अधिकारी सगळीकडे पुरणार नाही. पण तास लिहिले गेले तरच ते दिसेल. त्या नऊ तासांपैकी सहा तास केवळ महिला अधिकारी नव्हत्या म्हणून गेले, हे कागदावर आले असते तर दुसऱ्या अधिकाऱ्याची मागणी करायला त्याच ठाणेदारांच्या हातात पुरावा असता. कामाचा बोजा लपवून ठेवणाऱ्या रजिस्टरने आमच्या दवाखान्यातही कधी नवीन नर्स मिळाली नाही.

हे पत्र कोणी आई वाचत असेल तर तिच्यासाठी थोडे लिहिते. लेकराने सांगितले की आधी एवढेच म्हणा, तुझी चूक नाही. पुन्हा पुन्हा विचारू नका, पुढे तिला खूप जणांना सांगावे लागणार आहे. आमच्या मुलीने आतापर्यंत सात जणांना सांगितले, कोर्ट अजून बाकी आहे. जमले तर अंघोळ घालण्याआधी, अंगावरचे कपडे न धुता, थेट सरकारी दवाखान्यात जा. कपडे कागदात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, ओल धरते. दवाखान्यात कोणी पोलिसांचे पत्र मागितले तर सांगा, लागत नाही. तपासणीच्या वेळी तुम्हाला तिच्याजवळ थांबता येते. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवायचे असते, आणि खटला संपेपर्यंत मुलीला आधाराला एक सहायक व्यक्ती मिळू शकते, ती मागून घ्या. ठाण्यात जाल तेव्हा दारात थांबून घड्याळ बघा. लिहिता येत नसेल तर सोबतच्या कोणाला तरी सांगा, किंवा दारातूनच कोणाला तरी फोन लावा, फोनमध्ये वेळ राहते. ही शेवटची युक्ती मला त्या मुलीच्या मामाने सांगितली.

मुलगी पुन्हा शाळेत जायला लागली आहे. पहिल्या दिवशी मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले होते. ती म्हणाली, "सिस्टर, आता परत तेच सांगावं लागन का?" मी हो म्हटले. खोटे सांगणे मला जमले नाही. आरोपपत्र दाखल झाले आहे. न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष व्हावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपावा असे पॉक्सोमध्ये आहे. आम्ही तारखेची वाट बघतो आहोत.

मुलीच्या आईला विचारून मी माझ्या डायरीच्या त्या दीड पानाची झेरॉक्स जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. सोबत एकच विनंती केली आहे, त्या तारखेचे, सकाळी अकरा ते रात्री दहापर्यंतचे, दाराजवळच्या कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवावे आणि फिर्यादीवरच्या वेळेशी ताडून बघावे. पोचपावती आली आहे. उत्तर अजून यायचे आहे. चित्रण पुसले जाण्याआधी ते यावे, म्हणून हे पत्र तुमच्याकडे पाठवते आहे.

आपली,
एक सेवानिवृत्त अधिपरिचारिका
जि. चंद्रपूर